देश तरुण, गाव जुने : इटालियन माणसाचे रोजचे जगणे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदया, मंडळाचे कार्यकर्ते आणि इटलीच्या निरनिराळ्या शहरांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

इटालियन लोकांचे दैनंदिन जीवन आणि संस्कृती असा विषय मला देण्यात आला आहे. पिझ्झा, ऑपेरा, फुटबॉल आणि हातवारे यांची यादी वाचून मोकळे व्हावे असा मोह या विषयात पडतो. तो आवरून मी एकच मुद्दा मांडणार आहे. इथला माणूस आधी आपल्या गावचा असतो आणि मग, सवड मिळाली तर, इटलीचा.

याचे कारण इतिहासात आहे. इटलीचे राज्य 1861 मध्ये स्थापन झाले आणि रोम त्यात आले ते 1870 मध्ये. त्याआधी शतकानुशतके व्हेनिस, जेनोवा, फ्लोरेन्स, नापोली आणि पोपचा मुलूख हे सारे वेगवेगळे कारभार होते. नवे राज्य झाले तेव्हा सामान्य माणूस घरी आणि बाजारात आपापली बोलीच बोलत होता. प्रमाण इटालियन ही शिकलेल्यांची, कागदावरची भाषा होती. ती घराघरांत पोहोचवण्यात शाळेइतकाच वाटा 3 जानेवारी 1954 रोजी सुरू झालेल्या दूरचित्रवाणीचा आहे. 1960 पासून आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक पडद्यावर कोळशाची कांडी घेऊन मोठ्या कागदापुढे उभे राहत आणि निरक्षर प्रौढांना अक्षरओळख करून देत. म्हणजे आजच्या आजीआजोबांच्या पिढीने राष्ट्रभाषेचा सराव कानाने केलेला आहे, आणि नापोलीच्या गल्लीत भांडण रंगात आले की ती भाषा अजूनही मागे पडते.

गावाचे हे महत्त्व सुट्ट्यांच्या यादीतही दिसते. प्रत्येक शहराला आपला संत असतो आणि त्याच्या दिवशी फक्त त्या शहराला सुट्टी असते. मिलानमध्ये ती 7 डिसेंबरला, नापोलीत 19 सप्टेंबरला, रोममध्ये 29 जूनला, तर फ्लोरेन्स, तोरिनो आणि जेनोवा या तिघांची 24 जूनला. ग्रामदैवताच्या जत्रेला गाव बंद ठेवणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.

आता बारविषयी. इथला बार म्हणजे सकाळी उघडणारे कॉफीचे दुकान, हे आपल्या पालकांना पहिल्या भेटीत समजावून सांगावे लागते. गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, पावती घेऊन काउंटरपाशी यायचे आणि ती संगमरवरावर ठेवून एवढेच म्हणायचे की एक कॉफी. लहानशा जाड कपात दोन-तीन घोटांची एस्प्रेसो येते, आणि नापोलीत तिच्याआधी पाण्याचा पेला येतो. साखर ढवळायची, उभ्यानेच प्यायची, शेजारच्याशी कालच्या सामन्यावर दोन वाक्ये बोलायची आणि निघायचे. सगळा व्यवहार पाच मिनिटांत आटोपतो, पण त्या पाच मिनिटांत वकील, सफाई कामगार आणि पोलीस एकाच काउंटरला कोपर टेकून उभे असतात. तीच कॉफी टेबलावर बसून घेतली तर पुष्कळ ठिकाणी जास्त पैसे पडतात, म्हणून स्थानिक माणूस सहसा बसत नाही. महायुद्धानंतर मिलानच्या अकिल्ले गाज्जा यांचे तरफेचे यंत्र बाजारात आले आणि कॉफीवर तो तांबूस, दाट फेस येऊ लागला. त्याआधीची एस्प्रेसो वेगळी होती. जी परंपरा आपण सनातन समजतो ती पंचाहत्तर-ऐंशी वर्षांचीच आहे. दुपारच्या जेवणानंतर कॅपुचिनो मागितल्यास बारवाला देतो, पण आपण बाहेरचे आहोत हे त्याला तेव्हाच कळते.

जेवणाच्या बाबतीतही गाव आधी. डिसेंबर 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या युनेस्कोच्या बैठकीत आपल्या दिवाळीबरोबरच इटालियन पाकसंस्कृतीचाही अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. गंमत अशी की अशी एकसंध पाकसंस्कृती आहे हे बोलोन्यातील गृहिणीला मान्य होईलच असे नाही. तिच्या मते खिम्याचा रागू, म्हणजे दाट रस्सा, ताल्यातेल्ले या चपट्या पास्त्याबरोबर खायचा असतो, स्पॅगेटीबरोबर नव्हे. तोस्कानात पाव मिठाशिवाय भाजतात, उत्तरेत व्हेर्चेल्लीच्या भातखाचरांमुळे तांदूळ चालतो, आणि प्रत्येकाला शेजारच्या गावचे जेवण किंचित बिघडलेले वाटते.

गावापेक्षाही लहान निष्ठा पाहायची असेल तर सिएनाला जावे. शहराचे सतरा मोहल्ले आहेत, त्यांना कोन्त्रादा म्हणतात, आणि त्यांच्या सीमा 1729 मध्ये ठरवून दिलेल्या आहेत. हंस, सुरवंट, गोगलगाय, कासव, साळिंदर अशी त्यांची नावे. प्रत्येकाचे स्वतःचे चर्च, संग्रहालय आणि कारंजे असते, आणि चर्चमधला बाप्तिस्मा झालेल्या बाळाचा त्या कारंज्यावर दुसऱ्यांदा बाप्तिस्मा करून त्याच्या गळ्यात मोहल्ल्याचा रुमाल बांधतात. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला मुख्य चौकात माती पसरून घोड्यांची शर्यत होते. दर वेळी दहाच मोहल्ले धावतात, घोडे चिठ्ठ्या टाकून वाटले जातात, स्वार खोगिराशिवाय बसतात आणि तीन फेऱ्या दीड मिनिटाच्या आत संपतात. स्वार पडला तरी घोडा पहिला आला तर मोहल्ला जिंकतो. शर्यतीआधी घोड्याला मोहल्ल्याच्या चर्चमध्ये नेऊन पाद्री आशीर्वाद देतात. आदल्या रात्री रस्त्यात लांबच लांब टेबले मांडून शेकडो माणसे जेवतात, आणि वाढण्याचे काम मोहल्ल्यातील तरुण मुले करतात. पर्यटक ती दीड मिनिटे पाहून जातो. माझ्या मते खरा सिएना त्या पंक्तीत आणि वर्षभर चालणाऱ्या मोहल्ल्याच्या बैठकांत आहे.

आपल्यालाही अशा एका शहराने जवळ केले आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये निवर्तले; ते अवघे वीस वर्षांचे होते. दहनाची इथे रीत नसताना अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. छत्रीखालील त्यांचा अर्धपुतळा 1874 मध्ये उभा राहिला. पुढे जवळच झालेल्या मोठ्या पुलालाही फ्लोरेन्सकरांनी ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय, हेच नाव दिले, त्यामुळे वाहतुकीच्या बातम्यांत ते आजही कानावर येते.

या गावांपुढची अडचणही सांगितली पाहिजे. 2022 पासून देशात वर्षाला चार लाखांहून कमी मुले जन्माला येत आहेत, आणि सिसिलीतील काही गावांनी ओस पडलेली घरे एक युरोला विकायला काढली. उत्तरेत मात्र पो नदीच्या खोऱ्यातील दुधाच्या गोठ्यांत पंजाबी कामगार आहेत. त्यांच्याशिवाय तिथल्या चीजचे काम अवघड होईल. नोव्हेल्लारासारख्या लहान गावात गुरुद्वारा आहे, वैशाखीची मिरवणूक निघते आणि तिथली शीख मुले त्या एमिलिया भागाच्या हेलात इटालियन बोलतात. गावाने त्यांना आपले म्हटले आहे; राज्य अजून मागे आहे. 1992 च्या कायद्यानुसार परदेशी आईवडिलांच्या पोटी इथे जन्मलेल्या मुलाला अठरा वर्षे अखंड कायदेशीर वास्तव्य दाखवावे लागते आणि अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभरात पालिकेत निवेदन द्यावे लागते. प्रौढांसाठीची दहा वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आणण्याचा प्रस्ताव जून 2025 च्या सार्वमतात पुरेशा मतदानाअभावी पडला. म्हणून या सभागृहातील ज्यांची मुले इथे जन्मली आहेत त्यांनी घर बदलताना पालिकेतील निवासाची नोंद खंडित होऊ देऊ नये आणि जुने दाखले जपून ठेवावेत.