उंदराच्या पोटातला काजवा

[दृश्य: घोटीवरून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता, रात्र. लुकलुकणारी झाडं.]

वळवाचे दोन शिंतोडे पडले की नाशिककरांना काजव्यांचे वेध लागतात. शनिवारी संध्याकाळी गाड्या घोटीवरून भंडारदऱ्याकडे वळतात. हिरडा, बेहडा, जांभूळ, झाडंच्या झाडं उघडझाप करत असतात. आपण मोबाइल काढतो, फोटो काळाकुट्ट येतो, आणि चरफडत परततो.

उणे ९० अंशांपर्यंत थंड केलेला कॅमेरा मात्र याहून कितीतरी मंद उजेड टिपतो. तोही जिवंत उंदराच्या पोटातून आलेला.

[दृश्य: प्रयोगशाळेतली बंद, अंधारी पेटी. आत भूल दिलेला उंदीर.]

काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं आणि त्यावर काम करणारं ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम. प्राणवायू आणि एटीपी, म्हणजे जिवंत पेशीतलं इंधन, मिळालं की उजेड पडतो. या एन्झाइमचं जनुक १९८५ साली वेगळं केलं गेलं, अमेरिकेतल्या फोटिनस पायरॅलिस या काजव्यातून. आपल्या भंडारदऱ्याच्या काजव्यातून नव्हे, उगाच श्रेय लाटायला नको.

ते जनुक कर्करोगाच्या पेशींत घालायचं, पेशी उंदरात सोडायच्या, आणि बघायचं त्या दिवशी ल्युसिफेरिनचं इंजेक्शन द्यायचं. दहा-पंधरा मिनिटांत गाठ उजळते. मेलेल्या पेशीत एटीपी नसतं, म्हणून ती अंधारीच. औषध लागू पडतंय का, ते उजेड वाढला की उतरला यावरून कळतं.

[दृश्य: अंधारात टॉर्चवर ठेवलेलं बोट.]

पण कातडीतून उजेड बाहेर येतो कसा? दिवे घालवा, मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवा. बोट लालबुंद दिसेल. रक्त हिरवा-निळा प्रकाश गिळतं, लाल बराचसा सोडून देतं. गंमत अशी, की काजव्याचा पिवळा-हिरवा उजेड ३७ अंशांच्या अंगात आपोआप लालीकडे झुकतो. उंदराची ऊबच इथे कामाला येते.

तरी खोलवरच्या गाठीचा उजेड बाहेर येईस्तोवर फाकतो, नेमकी जागा सांगत नाही. तिथे मायक्रो-सीटी किंवा एमआरआय लागतो. कॉलेज रोडला एमआरआय काढायला गेलं की सांगतात, हलू नका. उंदराला कोण सांगणार? त्याचं वजन पंचवीस ग्रॅम, हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके टाकणारं. म्हणून नाकाशी आयसोफ्लुरेनची भूल, अंगाखाली गरम गादी. भुलेत डोळे उघडेच राहतात, ते सुकू नयेत म्हणून मलम. माणसाचं एमआरआय मशीन साधारण दीड किंवा तीन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप). उंदरासाठी सात, नऊ टेस्लापर्यंत जातात, कारण बघायचं ते फार बारीक.

अंगात किरणोत्सारी द्रव्य टोचून काढायचा पेट (PET) स्कॅनही होतो. पण त्यातलं किरणोत्सारी फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं. मुंबईहून कसारा घाट चढून नाशिकला पोचेस्तोवर निम्म्याहून कमी उरायचं.

[दृश्य: पिंजऱ्यांची रांग.]

हा सगळा खटाटोप कशासाठी? पूर्वी गाठ किती वाढली हे बघायचं म्हणजे उंदीर मारून उघडायचा. समजा पाच तारखांना बघायचं आणि दर तारखेला सहा उंदीर, म्हणजे तीस. आता तेच सहा पाचही वेळा बघता येतात. शिवाय त्याच उंदराची आजची गाठ त्याच्याच गेल्या आठवड्यातल्या गाठीशी ताडता येते. प्राणी कमी वापरा, त्यांचा त्रास कमी करा, हा आग्रह रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये धरला होता. आपल्याकडचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा.

मात्र माहितीपत्रकात छापतात तसं याला ‘इजाविरहित’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सुई टोचतेच. भूल पुन्हा पुन्हा द्यावी लागते. आणि प्रयोग संपला की बहुतेकदा उंदीर मारलाच जातो, चित्रात दिसलं ते खरं होतं का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पडताळायला.

[दृश्य: पिंजऱ्यात जागा होणारा उंदीर.]

आज प्रयोगाचा चौदावा दिवस. भूल उतरली. तो लडखडत उठला, मिशा साफ केल्या, दाण्याकडे गेला. एकविसाव्या दिवशी पुन्हा तीच पेटी.