शिकागो कब्स : १०८ वर्षांची सोबत

हरणाऱ्या संघाला माणसे का धरून राहतात, या प्रश्नाचा विचार करताना मी शिकागो कब्स या बेसबॉल संघाचेच उदाहरण घेणार आहे, कारण त्याच्या चाहत्यांमध्ये मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे राहिलो आहे आणि आता स्वतःलाही त्यांच्यातलाच मानतो. कब्सने १९०७ आणि १९०८ मध्ये लागोपाठ वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली आणि त्यानंतरचे विजेतेपद मिळवले ते थेट २०१६ मध्ये. मधल्या काळात, १९४५ पर्यंत, हा संघ सात वेळा अंतिम मालिकेत पोहोचला आणि सातही वेळा हरला. त्यानंतर सत्तर वर्षे त्याला तिथवर पोहोचताही आले नाही. १९६२ आणि १९६६ या दोन हंगामांत तर त्याने प्रत्येकी १०३ सामने गमावले.

शिकागोतल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मला रिग्ली फील्ड या कब्सच्या घरच्या मैदानावर घेऊन गेले. मांडीवर गुणपत्रिका ठेवून ते प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीने करत होते. संघ जिंकत नसताना दरवर्षी तिकिटे का काढता, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी डावीकडच्या काही रांगांकडे बोट दाखवले आणि वडील आपल्याला घेऊन तिथे बसत असत, एवढेच सांगितले. त्या वेळी मला ते माझ्या प्रश्नाचे उत्तर वाटले नव्हते.

बेसबॉलचा हंगाम वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो आणि जवळजवळ रोज सामना असतो. रिग्ली फील्डवर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत प्रकाशझोत नव्हते, त्यामुळे घरच्या मैदानावरचे सामने दुपारीच होत, आणि शाळेतून परतलेल्या मुलाला आजी-आजोबांनी आधीच लावून ठेवलेल्या टीव्हीवर शेवटचे डाव पाहायला मिळत. सामना संपला की धावफलकाच्या वर झेंडा चढतो : विजय असेल तर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू, पराभव असेल तर निळ्यावर पांढरा एल. जवळून जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून तो दिसतो आणि कामावरून परतणाऱ्याला घरी पोहोचण्यापूर्वीच निकाल कळतो. अशा रोजच्या सहवासातून जडलेला जीव एखाद्या वाईट हंगामाने तुटत नाही. तो संघाइतकाच, किंबहुना संघापेक्षा अधिक, ज्यांच्या शेजारी बसून सामने पाहिले त्या माणसांवर जडलेला असतो.

अर्नी बँक्स या थोर खेळाडूने १९५३ ते १९७१ अशी सारी कारकीर्द याच संघात घालवली, ५१२ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले, आणि हंगामोत्तर फेरीतला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. जानेवारी २०१५ मध्ये तो वारला.

पण या निष्ठेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १४ ऑक्टोबर २००३ च्या रात्री कब्स ३-० ने पुढे होते आणि अंतिम मालिका गाठायला केवळ पाच फलंदाज बाद करायचे राहिले होते. आठव्या डावात डाव्या बाजूच्या प्रेक्षकांकडे गेलेल्या चेंडूसाठी क्षेत्ररक्षक भिंतीपाशी झेपावला, त्याच वेळी अनेक प्रेक्षकांचेही हात पुढे आले, आणि चेंडू त्यांच्यापैकी एकाच्या हाताला लागला. कब्सची टोपी घातलेला हा तरुण कानाला हेडफोन लावून त्याच सामन्याचे समालोचन ऐकत होता. त्यानंतर अनुभवी शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या व तिसऱ्या तळामधल्या क्षेत्ररक्षकाकडून) एक सोपा चेंडू सुटला, चेंडू फेकणारे पिचर ढेपाळले, प्रतिस्पर्ध्यांनी त्या एकाच डावात आठ धावा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशीचा निर्णायक सामनाही गेला. तरीही सारा दोष त्या एका चाहत्याच्या माथी आला. त्याच्यावर बिअर फेकली गेली, शिव्यांचा भडिमार झाला, आणि सुरक्षारक्षकांना त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले. घरी टीव्हीसमोर बसून मीही त्याला दूषणे दिली, याची मला आजही लाज वाटते. अनेक दशकांचे पराभव सोसलेल्या आम्हा लोकांना त्या रात्री आपल्यातल्याच एका माणसाला सांभाळून घेता आले नाही. पुढे २०१७ मध्ये क्लबने त्याला विजेतेपदाची अंगठी दिली. ते योग्यच झाले, पण फार उशिरा झाले.

२०१६ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलंडने ३-१ अशी आघाडी घेतली असताना कब्सने उरलेले तिन्ही सामने जिंकले. २ नोव्हेंबरच्या रात्री, सातव्या सामन्यात, ठरलेल्या नऊ डावांनंतर बरोबरी होती, पावसामुळे सतरा मिनिटे खेळ थांबला, आणि दहाव्या डावात कब्स ८-७ ने जिंकले.

त्या दिवसांत रिग्ली फील्डच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूने नावे लिहीत होते. ती बहुतेक दिवंगतांची होती : वडील, आजी, काका. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत जागा उरली नव्हती, म्हणून मुलांना खांद्यावर घेऊन वर लिहिले जात होते. मीही गेलो. खडबडीत विटेवर खडू भराभर झिजत होता. २००९ मध्ये वारलेल्या त्या शेजाऱ्यांचे नाव मी लिहिले. त्यांच्या वडिलांचे नाव मी कधी विचारलेच नव्हते, म्हणून खाली ‘आणि त्यांचे वडील’ एवढेच लिहिले, आणि उरलेला खडू मागे उभ्या असलेल्या बाईंच्या हातात दिला.