गाळातली हिरवी रेघ

(संग्रहालयाचा लाकडी खण. हातमोजा घातलेली बोटं एक दगड उचलतात. भिंगाखालचं दृश्य.)

पांढऱ्या कॅल्साइटवर काजळ सांडल्यासारखं दिसतंय, तिथंच नजर ठेवा. भिंग जवळ येतं तसे शिशाच्या रंगाचे, धातूसारखे चमकणारे ठिपके सुटे होतात. हे क्रुकसाइट नावाचं खनिज. तांबं, थॅलियम, सेलेनियम आणि थोडी चांदी. पाण्याच्या जवळजवळ सातपट जड, आणि इतकं मऊ की चाकूचं टोक सहज रुतावं. आपल्या दख्खनच्या खडकातल्या झिओलाइटसारखं काचेच्या कपाटात मिरवण्याचं भाग्य याच्या वाट्याला नाही.

टनभर खडकात सेलेनियम सापडतं सुमारे ०.०५ ग्रॅम. तेही बहुधा गंधकाच्या घरात पोटभाडेकरू. गंधकाची चणचण असेल तिथंच त्याला स्वतःचा संसार थाटता येतो. आग्नेय स्वीडनमधली स्क्रीकेरुमची तांब्याची जुनी खाण ही त्यातली एक जागा.

(आम्लाच्या कारखान्याचं जुनं चित्र. मग काचेच्या बशीत लालसर गाळ.)

साल १८१७. स्वीडनमधल्याच ग्रिप्सहोमच्या कारखान्यात फालूनच्या खाणीतलं माक्षिक, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, जाळून गंधकाम्ल करत. तळाशी लालसर गाळ साचायचा. बर्झेलियस आणि गान या रसायनशास्त्रज्ञांनी तो तापवला, तर मुळ्यासारखा उग्र वास. आधी वाटलं, टेल्युरियम. निघालं वेगळंच मूलद्रव्य. टेल्युरियमला पृथ्वीचं नाव होतं, म्हणून या भावंडाला चंद्रदेवता सेलीनीचं, सेलेनियम. पाठोपाठ १८१८ मध्ये स्क्रीकेरुमच्या दगडात चांदी, तांबं आणि हेच सेलेनियम एकत्र सापडलं. बर्झेलियसनं त्या खनिजाचं नाव ठेवलं युकेराइट. ग्रीक अर्थ, ‘अगदी वेळेवर’. रसायनशास्त्रज्ञ एरवी एवढे खेळकर नसतात.

(वर्णपटदर्शक. अंधारी खोली, ज्योत.)

आता दुसरा गाळ, जर्मनीतला. हार्ट्‌झ डोंगरातल्या टिल्केरोडेचा, तोही आम्लाच्या कारखान्यातला. लंडनमध्ये तरुण रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्सनं त्यातून सेलेनियम काढून घेतलं. उरलेला चोथा मात्र फेकला नाही. टेल्युरियम मिळेल म्हणून जपून ठेवला. वर्षं गेली. मार्च १८६१ मध्ये त्यातलाच चिमूटभर त्यानं ज्योतीत धरला आणि वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिलं. टेल्युरियमचा पत्ता नाही. पण एकच एक, लखलखीत हिरवी रेघ, कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याशी न जुळणारी.

(रेघ पडद्यावर. चार सेकंद निवेदन नाही.)

थॅलियम. ‘थॅलोस’ म्हणजे हिरवा कोंब.

पाच वर्षांनी, १८६६ मध्ये, स्टॉकहोमच्या संग्रहालयात खनिजतज्ज्ञ नॉर्डेनशेल्ड स्क्रीकेरुमचे जुने नमुने पुन्हा तपासत होता. पुढे वेगा जहाजातून आर्क्टिकचा ईशान्य मार्ग पार करणारा तोच हा नॉर्डेनशेल्ड. पण तेव्हा त्याचा प्रवास खणातून खणात चालला होता. तांब्याचं साधं सेलेनाइड, म्हणजे तांबं आणि सेलेनियमचं संयुग, समजून ठेवलेल्या काही तुकड्यांत त्याला तब्बल १७ टक्के थॅलियम मिळालं. खाणीत कुणी नवी कुदळ मारली नव्हती. दगड होता तोच, आता नाव मिळालं. क्रुक्सचं.

(कोळशावर कण. फुंकनळीची बारीक ज्योत.)

खनिज ओळखण्याची ही जुनी रीत. फुंकनळीनं ज्योत वळवायची, कणावर रोखायची. क्रुकसाइट चटकन वितळतं आणि हिरवट काळ्या, चकचकीत मण्यासारखं गोठतं. हे धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच. घरी कुणी करू नये. मुळ्याच्या त्या वासाची खात्री करायचा मोह आम्हालाही झाला होता, आवरला.

थॅलियम जहाल विष. पुढे उंदरांच्या औषधात आलं, माणसं दगावली, अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. स्क्रीकेरुमची खाण तर केव्हाच बंद पडली.

(खाणीचं गवतानं झाकलेलं तोंड. मग पुन्हा ज्योत.)

कण आत्ता तापतो आहे. ज्योतीच्या कडेकडे बघा.

(हिरवा रंग.)