कंपायलरच्या मागचा कंपायलर
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य: पांढरा प्लास्टिकचा लॅपटॉप. टर्मिनल उघडलेलं.]

हा आयबुक जी४, २००५ चं मॉडेल. आत १.३३ गिगाहर्ट्झचा पॉवरपीसी प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट रॅम आणि मॅक ओएस टेनची १०.४ ही आवृत्ती, नाव टायगर. ॲपलने २००६ मध्ये इंटेलचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली आणि २००९ च्या स्नो लेपर्डपासून पॉवरपीसीला कायमची रजा दिली. यंत्र मात्र चालतं. कीबोर्ड झकास आहे, स्क्रीन शाबूत आहे, मजकूर लिहिताना कुठेही अडखळत नाही.

आता त्याला कर्लने, म्हणजे एका आज्ञेत इंटरनेटवरून फाइल आणणाऱ्या साधनाने, एक फाइल आणायला सांगू.

[दृश्य: कर्लची आज्ञा. खाली त्रुटीची ओळ.]

नाही जमलं. केबल ठीक आहे, नेटवर्क ठीक आहे. सुरक्षित जोडणीच्या नियमांना टीएलएस म्हणतात. टायगरसोबत आलेल्या ओपनएसएसएलला, म्हणजे ते नियम पाळणाऱ्या लायब्ररीला (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड), टीएलएस १.० च्या पुढचं काही येत नाही, आणि २०२० मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ सोडून दिलं. बहुतेक सर्व्हरही आता १.२ च्या खाली उतरायला तयार नसतात. त्यात प्रमाणपत्रांची भर. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, साइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतल्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि आदल्या दिवशीपर्यंत सुरळीत चालणारी कितीतरी उपकरणं दुसऱ्या दिवशी साइट उघडेनाशी झाली.

संगणक मंद झाला म्हणून अडगळीत जातो, असा आपला समज असतो. बऱ्याचदा तो होता तेवढाच वेगवान असतो. बाकीच्या जगाने दरम्यान काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि त्या त्याच्याकडे नसतात, एवढंच. त्यातली कोणती गरजेपोटी आली आणि कोणती नुसत्या सवयीने, हे सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रामचा मूळ मजकूर, घेऊन तो कंपाइल करायला, म्हणजे कंपायलरने यंत्राच्या भाषेत उतरवायला, बसलं की एकेक करून कळत जातं.

[दृश्य: पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला जातो.]

नवं ओपनएसएसएल बांधायचं ठरवलं, तर पहिली अडचण अशी की त्याचा सोर्स ज्या साइटवर आहे तिथे हे यंत्र पोचूच शकत नाही. म्हणून टारबॉल, म्हणजे सोर्सची एकत्र बांधलेली फाइल, दुसऱ्या संगणकावर उतरवायचा आणि पेन ड्राइव्हने आणायचा. दुसरी अडचण: ओपनएसएसएल १.१.१ च्या कॉन्फिगर स्क्रिप्टला, म्हणजे बांधणीआधी यंत्र तपासणाऱ्या प्रोग्रामला, पर्ल भाषेची ५.१० आवृत्ती लागते, टायगरमध्ये आहे ५.८. तेव्हा आधी पर्ल, मग ओपनएसएसएल, मग कर्ल, आणि मूळ प्रमाणपत्रांची ताजी फाइल. एवढं झालं की तीच आज्ञा पुन्हा द्यायची. फाइल येते.

हे सगळं सी भाषेतलं काम, म्हणून तसं सोपं. सी मध्ये संयमाने लिहिलेले प्रोग्राम जुन्या यंत्रांवर थक्क करतील इतक्या सहज चढतात. लुआ ही भाषा घ्या. तिचा सोर्स ठरवूनच साध्या, प्रमाणित सी मध्ये ठेवलेला आहे. सी कंपायलर असेल तिथे ती बांधून होते. कॉन्फिगर स्क्रिप्टसुद्धा नाही.

सी++ आलं की गोष्ट बदलते.

[दृश्य: स्क्रीनवर त्रुटींच्या ओळी वेगाने सरकतात.]

टायगरवरचा कंपायलर आहे जीसीसी ४.०, तोही २००५ चा. सी++ चं २०११ चं मानक त्याला ठाऊक असणं शक्यच नाही, आणि आजचं बहुतेक सी++ सॉफ्टवेअर निदान तेवढं तरी धरूनच चालतं. सीमेक हे सॉफ्टवेअर बांधण्याचं साधन. तेही त्याला अपवाद नाही. २०१७ च्या ३.१० या आवृत्तीपासून खुद्द सीमेक बांधायलाच सी++११ लागतं.

म्हणजे नवा कंपायलर हवा. जीसीसी ओपन सोर्स आहे, तेव्हा तोच बांधू. पण कशाने? हाताशी असलेल्या जुन्या जीसीसीने. आणि इथे आवृत्त्यांचा इतिहास पाठ असावा लागतो. ४.७ पर्यंतचा जीसीसी सी कंपायलरवर बांधता यायचा. २०१३ च्या ४.८ पासून सी++ कंपायलर आवश्यक झाला, पण जुन्या वळणाचा चालत होता. २०२१ च्या जीसीसी ११ ला मात्र बांधणारा कंपायलरच सी++११ जाणणारा लागतो. त्यामुळे ४.० वरून थेट ११ वर जाता येत नाही. ४.० ने आधी ४.८ किंवा ४.९ सारखा मधला एखादा बांधायचा, आणि मग त्याच्या हातून पुढचा. त्याही आधी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिताच्या तीन लायब्ररी.

शिवाय जीसीसी प्रत्येक पायरीवर स्वतःला तीनदा बांधतो. पहिल्या फेरीत जुन्या कंपायलरने. त्यातून जो तयार झाला, त्याने दुसऱ्या फेरीत. त्यातून निघालेल्याने तिसऱ्यांदा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या ऑब्जेक्ट फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. फरक निघाला तर काम तिथेच थांबतं. हा संशय रास्तच आहे: जुन्या कंपायलरमधली चूक नव्यात उतरली असेल तर ती इथेच पकडता येते. जी४ सारख्या यंत्रावर याला तासांचा हिशेब पुरत नाही, दिवस धरावे लागतात. आणि शेवटच्या टप्प्यावर मेक हे बांधणी चालवणारं साधन थांबलेलं दिसलं की माणूस स्क्रीनशी भांडायला लागतो.

सुदैवाने ही चढण प्रत्येकाने नव्याने चढायची गरज नाही. मॅकवर सॉफ्टवेअर बांधून बसवणारं मॅकपोर्ट्स जुन्या मॅकसाठी या पायऱ्या लिहून ठेवतं. टायगर आणि लेपर्डसाठी होमब्रू या तशाच साधनाची टायगरब्रू नावाची वेगळी शाखा आहे. त्यांच्या पाककृती वाचाव्यात, वापरायच्या नसल्या तरी. कुठल्या आवृत्तीला कुठला पॅच, म्हणजे सोर्समधली छोटी दुरुस्ती, लागला आणि का, ही माहिती एरवी कुठे एकत्र सापडत नाही.

अशा पॅचमध्ये वारंवार दिसणारं एक दुखणं म्हणजे नसलेली फंक्शन्स. लिनक्सवर वेळ सांगणारं 'क्लॉक गेटटाइम' वर्षानुवर्षं आहे, म्हणून प्रोग्रामर ते सर्वत्र असेल असं समजतात. मॅकवर ते २०१६ मध्ये, १०.१२ या आवृत्तीत आलं. फाइलमधली एक ओळ वाचणारं 'गेटलाइन' १०.७ च्या आधी नव्हतं. मॅकपोर्ट्सने यावर लेगसी सपोर्ट नावाची एक लायब्ररीच केली आहे: जे फंक्शन प्रणालीत नाही, ते ती पुरवते. मूळ प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

[दृश्य: जुना टॉवर संगणक. प्रोसेसरवर पेंटियम थ्रीची खूण.]

कधी कंपाइल सुरळीत होतं आणि प्रोग्राम चालवल्याबरोबर मरतो. दोन शब्द उमटतात: 'इलीगल इन्स्ट्रक्शन'. पेंटियम थ्री आणि ॲथलॉन एक्सपी असलेल्यांना हे शब्द चांगले परिचयाचे आहेत. एसएसई२ हा आज्ञांचा संच पेंटियम ४ सोबत २००० साली आला. या दोघांकडे तो नाही. फायरफॉक्सने विंडोजवर २०१६ पासून आणि लिनक्सवर २०१७ पासून तो बंधनकारक केला. रस्ट भाषेत 'आय६८६' असं लक्ष्य दिलं तरी ती मनातल्या मनात पेंटियम ४ च धरते. खरोखर जुन्यासाठी 'आय५८६' हे वेगळं लक्ष्य द्यावं लागतं.

पुन्हा कंपाइल करण्याचा सर्वाधिक फायदा मला इथे दिसतो. बऱ्याचशा प्रोग्रामना एसएसई२ ची मुळीच गरज नसते. तयार पॅकेज बांधणाऱ्याने ती धरलेली असते, इतकंच. कंपायलरला प्रोसेसरचं खरं नाव सांगितलं की तोच सोर्स त्याच यंत्रावर मुकाट चालतो. प्रोसेसरच्या थेट आज्ञांत हाताने लिहिलेलं असेंब्ली असेल तिथे तेवढं बंद करावं लागतं. मग वेग घटतो, काम होतं.

जुन्या लिनक्सवर याचं भावंड भेटतं: 'कर्नल टू ओल्ड'. ग्लिबसी ही मूळ लायब्ररी बरीच वर्षं सुरू होतानाच कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, आवृत्ती तपासायची. २०१७ च्या २.२६ पासून तिला निदान ३.२ कर्नल हवा. कर्नल बदलणं शक्य नसेल तर मसल नावाची हलकी सी लायब्ररी घेऊन प्रोग्राम स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी पोटातच घेऊन, बांधता येतो. ती असं दारातच अडवत नाही.

[दृश्य: नवा डेस्कटॉप. शेजारी जुनं यंत्र, दोघांमध्ये नेटवर्कची केबल.]

आता कोणी विचारेल, हे सगळं त्या बिचाऱ्या यंत्रावरच का बांधायचं? रास्त प्रश्न. मोठे सी++ प्रकल्प लिंक करताना, म्हणजे बांधलेले तुकडे जोडताना, काही गिगाबाइट रॅम सहज खातात, आणि ३२-बिट प्रोसेसरला मेमरीच्या पत्त्यांची जागाच चार गिगाबाइटपर्यंत. रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेला स्वॅप कितीही वाढवला तरी ती भिंत हलत नाही. म्हणून क्रॉस-कंपाइल: बांधायचं वेगवान यंत्रावर, चालवायचं जुन्यावर.

यात नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा हात कोणी धरत नाही. त्यांची 'बिल्ड डॉट एसएच' ही एक स्क्रिप्ट आधी लागेल तो क्रॉस-कंपायलर बांधते आणि मग त्याने अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, व्हॅक्स या जुन्या संगणकासाठीसुद्धा. डॉसवाल्यांसाठी १९८९ पासून डीजेजीपीपी हा कंपायलर-संच आहे. जुन्या ६८०००-घराण्याच्या मॅकसाठी जीसीसीवर उभं असलेलं रेट्रो६८.

सुट्या प्रोग्रामच्या बाबतीत क्रॉस-कंपाइल इतकं गुळगुळीत नसतं. कॉन्फिगर स्क्रिप्टला छोटे चाचणी-प्रोग्राम चालवून पाहायची सवय असते, आणि परक्या प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्राम इथे चालत नाही. मग उत्तरं आधीच हाताने भरून द्यावी लागतात, किंवा परक्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूएमूला मध्ये घालावं लागतं. शेवटची चाचणी मात्र खऱ्या यंत्रावरच घ्यावी. पॉवरपीसी मॅक, स्पार्क आणि ६८०३० संख्येतला मोठा बाइट आधी ठेवतात, इंटेल लहान बाइट आधी. ज्याने कायम इंटेलवरच कोड लिहिला, त्याच्या प्रोग्राममध्ये चित्रातला लाल रंग निळा होऊन समोर येतो, आणि तेव्हा कळतं.

ब्राउझरपाशी बहुतेकांची हिंमत खचते. फायरफॉक्स ४ ने पॉवरपीसी सोडलं, तेव्हा कॅमेरॉन कायझर यांनी टेनफोरफॉक्स सुरू केलं: टायगर आणि लेपर्डसाठी फायरफॉक्स. जी३ साठी वेगळी बांधणी, जी४ च्या दोन प्रकारांसाठी दोन, जी५ साठी आणखी एक. जावास्क्रिप्ट वेगाने चालावी म्हणून पॉवरपीसीचा कोड तयार करणारं खास इंजिनही लिहिलं गेलं. फायरफॉक्स ४५ च्या पायावर ते स्थिरावलं, पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या मागे आणून त्यात बसवल्या जात राहिल्या, आणि २०२१ मध्ये नियमित काम थांबलं.

पायाच पुढे का सरकला नाही, याचं एक मोठं कारण पुढच्या फायरफॉक्सला लागणारी रस्ट भाषा.

[दृश्य: स्क्रीनवर प्रोसेसरांची नावं: अल्फा, पीए-रिस्क, ६८०००.]

रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे आणि साधारणपणे प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीने बांधली जाते. तो यंत्राचा कोड तयार करतो एलएलव्हीएम या वेगळ्या प्रकल्पाच्या मदतीने. अल्फा आणि एचपीच्या पीए-रिस्कसाठी एलएलव्हीएममध्ये आधारच नाही, ६८००० चा आधार प्रायोगिक रूपात २०२१ मध्ये आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पायथनच्या क्रिप्टोग्राफी या लायब्ररीने रस्ट बंधनकारक केलं आणि एकच गदारोळ उडाला. मेमरी हाताळण्याच्या चुकांतून येणारी सुरक्षेची भगदाडं टाळायची, हे लायब्ररीवाल्यांचं म्हणणं. ज्यांच्या यंत्रासाठी कंपायलरच नाही ते एका रात्रीत बाहेर फेकले गेले, हे दुसऱ्या बाजूचं. मला लायब्ररीवाल्यांची बाजू पटते. गुपितं सांभाळणारा कोड सुरक्षित भाषेतच असायला हवा. पण सोर्स उघडा असणं आणि तो आपल्याला बांधता येणं यांत किती अंतर पडू शकतं, ते त्या महिन्यात सगळ्यांना दिसलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या एपीटीबाबत, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या मूळ साधनाबाबत, रस्टसक्तीची घोषणा झाली, तेव्हा तोच वाद नव्याने पेटला.

तोडगे निघत आहेत. 'एमरस्टसी' हा सी++ मध्ये लिहिलेला कंपायलर रस्टचं सी मध्ये रूपांतर करतो, म्हणजे साखळी जुन्या पायावरून सुरू करता येते. जीसीसीला रस्ट शिकवण्याचं कामही चालू आहे. ते पुरं झालं तर जीसीसी जिथे पोचतो तिथे रस्टही पोचेल.

जुन्याचा भार कोणी वाहायचा, हाही प्रश्न आहेच. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्स कर्नलमधून इंटेलच्या ३८६ या जुन्या प्रोसेसरचा आधार काढला गेला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ वरच, पण जुन्या आठवणींखातर त्यांनी तो ठेवला नाही. एका प्रोसेसरच्या उणिवांसाठीचा वळसा बाकी सगळ्यांच्या कोडमध्ये वागवावा लागत होता. पॅच आपल्यापुरता न ठेवता मूळ प्रकल्पाकडे पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. दोन ओळींचा, नव्या यंत्रांना धक्का न लावणारा पॅच सहसा स्वीकारला जातो. पन्नास ठिकाणी अटी पेरणारा परत येतो.

[दृश्य: घड्याळाचे आकडे. १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७.]

आणि एक पॅच असा आहे जो प्रत्येक ३२-बिट यंत्राला लागणार आहे. युनिक्सची वेळ १९७० पासूनचे सेकंद मोजते, आणि ३२ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात ते १९ जानेवारी २०३८ च्या पहाटे संपतात. नेटबीएसडीने २०१२ च्या ६.० मध्येच सगळ्या पोर्टवर, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांसाठीच्या आवृत्त्यांत, वेळ ६४ बिटांची केली. मसलने २०२० मध्ये. डेबियनने २०२४ मध्ये ३२-बिट एआरएमसाठी हजारो पॅकेजं नव्या वेळेनिशी पुन्हा कंपाइल केली. आय३८६ ला, म्हणजे ३२-बिट इंटेलच्या शाखेला, मात्र यातून मुद्दाम वगळलं. ती शाखा मुख्यतः जुने बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल झालेले, प्रोग्राम चालवण्यासाठी उरली आहे. त्यांतल्या कित्येकांचा सोर्स कोणाकडेच नाही, तेव्हा पुन्हा कंपाइल करायला काही नाही.