नळ आला की वाजणारा बझर

नमस्कार श्रोतेहो. आज नळाला पाणी आलं की वाजणारा बझर घरीच करायला शिकू, पण सुरुवात थोडी आधीपासून.

इलेक्ट्रॉनिक्सची हौस लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कुठलं किट घेऊ?" कॉलेजातला पोरगा असो की निवृत्त झालेले काका, प्रश्न तोच. माझं उत्तर ठरलेलं आहे. किट राहू दे, आधी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजणारा मीटर घ्या. पिवळ्या डबीतला साधा, स्वस्तातला चालेल. किट जोडलं आणि दिवा लागला, तर आनंद होतो. नाही लागला, तर मोजायला हातात काही नसेल तर ते किट कपाटावर जाऊन बसतं. सोलापुरातल्या किती कपाटांवर अशी किटं धूळ खात असतील, देव जाणे.

तर मल्टीमीटर आणला. सोबत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, 470 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा भाग, आणि एक ब्रेडबोर्ड, म्हणजे डाख न देता भाग खोचून जोडायचा भोकांचा बोर्ड. रेझिस्टरवर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे दिसतील आणि कडेला सोनेरी. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. सोनेरी पट्टा सांगतो की किमतीत पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. पट्टे पाठ करायची घाई नको. मीटर लावा, आकडा दिसतो.

ब्रेडबोर्डही मीटरनेच समजून घ्या. मीटर शिट्टीच्या खुणेवर ठेवा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो, दोन तारांचे तुकडे भोकांत खोचा आणि टोकं लावून बघा. मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली सापडतील, मधल्या खाचेपलीकडची पाच वेगळी. कडेच्या लांब पट्ट्या उभ्या जोडलेल्या असतात, पण काही मोठ्या बोर्डांत त्या मध्यावर तुटलेल्या असतात. "सगळं बरोबर जोडलंय, तरी चालत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथंच असतं.

आता बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय मायनसला. एलईडी लागला. इथं थांबा, पुढच्या प्रयोगाकडे पळू नका. मीटर डीसी व्होल्टच्या वीसच्या खुणेवर ठेवा आणि तीन ठिकाणी मोजा. बॅटरीवर समजा 9.2 आले. एलईडीच्या दोन पायांवर साधारण 2.0 येतील. रेझिस्टरवर 7.2. दोन अन् सात पॉइंट दोन, बेरीज बरोबर 9.2. आता 7.2 ला 470 ने भागा: 0.0153, म्हणजे पंधरा मिलिअँपिअरच्या आसपास. व्होल्टला ओहमने भागलं की करंट, हा जर्मनीच्या ओहम नावाच्या शास्त्रज्ञाने 1827 साली मांडलेला नियम तुमच्या ओट्यावर खरा ठरला. रेझिस्टर काढून एलईडी थेट बॅटरीला लावला तर तो क्षणभर लख्ख चमकतो आणि कायमचा जातो. का जातो, ते आता आकड्यांतच दिसतं: उरलेले 7.2 व्होल्ट झेलायला रेझिस्टरच नसतो.

एक सावधगिरी. करंट मोजताना मीटर सर्किटच्या मधे, ओळीत घ्यावा लागतो. करंटच्या खुणेवर ठेवलेला मीटर सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावला की आतला फ्यूज उडतो. नवशिक्याने व्होल्टेज मोजून भागाकार करावा, ते सोयीचं.

आता कामाचं बोलू. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा वेळ-काळ बघून येत नाही. रात्री नळ आला आणि घर झोपेत राहिलं, की पुढच्या पाळीपर्यंत तोंडं बघत बसायचं. मग नळाखाली बादली ठेवा, तोटी उघडी सोडा, आणि बादलीत पाणी पडताच बझर वाजेल असं सर्किट करा. यासाठी लागतो एकच ट्रान्झिस्टर, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा तीन पायांचा भाग, बीसी 547. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पायांची नावं कलेक्टर, बेस, एमिटर.

जोडणी अशी. बझरचा प्लस बॅटरीच्या प्लसला, बझरचा मायनस कलेक्टरला, एमिटर बॅटरीच्या मायनसला. बझर मात्र आतच आवाजाचं सर्किट असलेला घ्या, बॅटरी लावताच वाजतो तो. आता बॅटरीच्या प्लसपासून दहा हजार ओहमचा रेझिस्टर, त्याला एक लांब वायर. बेसला दुसरी लांब वायर. दोन्ही वायरींची टोकं सोलून बादलीच्या तळाशी बोटभर अंतरावर बसवा. पाणी दोन्ही टोकांना टेकलं की त्यातून अगदी थोडा करंट बेसला पोचतो, आणि ट्रान्झिस्टर त्याच्या शंभर-दोनशे पट करंट बझरमधून सोडतो.

बादलीत बसवण्याआधी दोन्ही टोकांवर ओलं बोट टेकवा. बझर बारीक कुरकुरला, तर ट्रान्झिस्टर जिवंत आहे. अजिबात नाही वाजला, तर पुन्हा मीटर काढा. बॅटरीवर व्होल्ट आहेत का? एमिटर आणि बेस यांच्यात 0.6-0.7 येतात का? येत नसतील तर बेसपर्यंत करंटच पोचत नाही. येत असतील आणि बझर गप्प असेल, तर बझरची बाजू तपासा. आंधळेपणाने भाग बदलत बसण्यापेक्षा हा रस्ता फार जवळचा आहे. नळाच्या पाण्याचा रेझिस्टन्स मीटरने मोजूनही बघा. आकडा एका जागी ठरत नाही, सरकत राहतो. मीटर बिघडलेला नसतो. मीटरच्या स्वतःच्या करंटमुळे टोकांपाशी पाण्यात बदल होत असतात, म्हणून तो पळतो. त्याच कारणाने तांब्याची टोकं काही दिवसांत काळी-हिरवी पडतील. तिथं स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू लावा, जास्त टिकतात.

ब्रेडबोर्डवर चाललं की मग सोल्डरिंग, म्हणजे तेच भाग तांब्याच्या पट्ट्यांच्या बोर्डावर सोल्डर नावाची धातूची तार वितळवून कायमचे डाखणं. पंचवीस वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते, अणकुचीदार टोकाची. आधी भागाचा पाय आणि बोर्डाची पट्टी दोन्ही तापवायचे, मग सोल्डर त्यांना लावायचं. इस्त्रीच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन चिकटवला तर डाख वरून चांगला दिसतो आणि आतून सुटा राहतो. खिडकी उघडी हवी, कारण धूर नाकात जातो. पंखा मात्र बंद, वाऱ्याने डाख गार पडतो. मे महिन्यात, सोलापुरात, पंखा बंद करून तापलेली इस्त्री हातात धरायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी म्हणेन, पहाटे बसा. आणि काम झालं की हात साबणाने धुवा, साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

सुटे भाग विकतच आणले पाहिजेत असं नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतून पोरांसाठी आणलेलं, संक्रांतीनंतर आठवडाभरात बंद पडलेलं खेळणं उघडा. एलईडी, स्विच, बॅटरीचा डबा, छोटी मोटर, कधी बझरसुद्धा मिळून जातो. पण टीव्ही, चार्जर, कॉम्प्युटरची पॉवर सप्लाय हे उघडू नका. 230 व्होल्ट एसी आत डीसी होताना वीज साठवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशेच्या घरात व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथंच बसलेले असतात. ज्यांच्या घराला यंत्रमागाचा कारखाना लागून आहे त्यांनी पोरांना थ्री फेजच्या बोर्डापासून लांबच ठेवावं; हौस बॅटरीवर भागते.

बझर वाजायला लागला की पुढची इच्छा होणारच, की पाणी चढवायची मोटरही आपोआप चालू-बंद व्हावी. त्यासाठी रिले, म्हणजे छोट्या करंटने चालणारा स्विच लागतो, आणि रिलेच्या पलीकडे 230 व्होल्ट असतात. ती जोडणी जाणत्या वायरमनला शेजारी बसवून करा. तोवर बझर वाजला की उठायचं आणि मोटरचं बटण हातानेच दाबायचं.