डॉ. नॅन्सी वेक्सलर आणि हंटिंग्टनचे जनुक

श्रोतेहो, नमस्कार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात न्यूरॉलॉजी आणि मानसोपचार विभागांत प्राध्यापक असलेल्या डॉ. नॅन्सी वेक्सलर यांनी हंटिंग्टन या एकाच आजाराच्या संशोधनाला आयुष्य वाहिले. या आजारात मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होतात, हातपाय आपोआप हलू लागतात, स्वभाव पालटतो; आणि हे सारे बहुधा तिशी-चाळिशीत, मुलेबाळे झाल्यावर सुरू होते. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. पुन्हा सांगतो, मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला निम्मी. वेक्सलर यांच्या आईचे निदान १९६८ मध्ये झाले.

पुढे व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठी, जिथे कोळ्यांच्या कित्येक कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, तिथे त्या १९७९ पासून जाऊ लागल्या. जनुक शोधायचे तर त्या कुटुंबांचे रक्त हवे होते. पण सुई टोचून घ्यायला लोक बिचकत, आणि असा आजार अमेरिकेतही असतो, हे त्यांना पटतच नव्हते. आपल्या आईला तो होता, आपणही तपासणीसाठी रक्त आणि त्वचेचा तुकडा दिला आहे, असे वेक्सलर परोपरीने सांगत होत्या. अखेर सोबतच्या अर्जेंटिनाच्या परिचारिकेने त्यांचा हात धरला आणि खोलीभर फिरवून, त्वचा काढल्याचा तो बारीकसा व्रण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे धरत ती ओरडू लागली, ‘बघा, हिलाही खूण आहे!’ तेव्हापासून त्या लोकांनी वेक्सलर यांना परके मानले नाही.

आपल्या कोल्हापुरात स्थळ आले की छत्तीस गुण मोजतात, पण आजोबा कशाने गेले, असे विचारले की पाहुण्यांचे चेहरे उतरतात. माझ्या मते पत्रिकेआधी तेच विचारावे. असो.

त्याच रक्तनमुन्यांच्या आधारे जनुकशास्त्रज्ञ जेम्स गुसेला आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले, आणि १९९३ मध्ये ते प्रत्यक्ष हाती आले. आपल्यालाही हाच आजार असल्याचे वेक्सलर यांनी २०२० मध्ये जाहीर केले.

तो मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही; हालचाली आवरणारी औषधे मात्र आहेत. घराण्यात हा आजार असेल, तर रक्ततपासणीपूर्वी न्यूरॉलॉजिस्ट आणि जनुकीय समुपदेशकाशी अवश्य बोलावे. आणि लक्षणे नसलेल्या लहान मुलांची तपासणी करू नये, तो निर्णय त्यांनी सज्ञान झाल्यावर स्वतः घ्यायचा असतो.