लेकरांच्या वाढदिवसाला फेअरी ब्रेड, ३ वस्तू आणि गॅस नाही

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे, हे बघा माझ्या हातात काय आहे, साधा पांढरा ब्रेड, त्याला लोणी आणि वरून हे रंगीत साखरेचे बारीक दाणे. याला म्हणतात फेअरी ब्रेड, म्हणजे परीचा ब्रेड. ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडकडं लेकराचा वाढदिवस म्हटलं की हा पाहिजेच. ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहराच्या पेपरात १९२९ साली लेकरांच्या पार्टीच्या बातमीत याचं नाव आलंय, एवढा जुना पदार्थ आहे, आणि तिथली मोठी माणसं आजही लहानपण आठवलं की याचं नाव काढतात.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा एकदम आजीच आठवली. आमच्याकडं परभणीत ब्रेड यायचा तो कुणाला ताप आला तरच, आणि मग आजी दुधावरची जाड साई ब्रेडवर पसरून वरून साखर भुरभुरायची, ती साखर दाताखाली कुरकुर वाजायची. ताप उतरला तरी आम्ही झोपून राहायचो, अजून एक मिळावा म्हणून! ही तीच गोष्ट आहे बघा, फक्त साखर रंगीत झाली.

आता करायचं कसं. ब्रेड ताजा, मऊ आणि पांढराच घ्या, ब्राऊन नको, आणि भाजायचा तर अजिबात नाही. बटर अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा, उन्हाळ्यात दहा मिनिटं बास झाली, बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे पण वितळायला नको. एका स्लाइसला छोटा चमचाभर. मी अमूल बटर घेते, त्यातलं मीठ त्या गोडाला लई छान लागतं.

आणि इथं नीट लक्ष द्या, बटर अगदी काठापर्यंत लावायचं, कोपरा सुद्धा सोडायचा नाही. बटर नुसतं दाणे चिकटवायला नसतं. ब्रेडमध्ये ओल असते, दाणे म्हणजे साखर, ती ओल लागली की विरघळते आणि रंग सुटतो, मधी बटरचा थर असला की ती ओल वर येत नाही. घरचं लोणी वापरणार असाल तर दोन-तीन पाण्यानं धुवून ताकाचं पाणी पूर्ण निथळून घ्या, नाहीतर तेच पाणी रंग सोडवतं. मागच्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसाला मी रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवले आणि सकाळी बघते तर सगळा ब्रेड जांभळा-हिरवा आणि लिबलिबीत, लेकरांनी हातच लावला नाही, मला लई वाईट वाटलं. म्हणून सांगते, केक कापायच्या अर्धा तास आधीच करायचं.

दाणे वरून भुरभुरायचे नाहीत, अर्धे ओट्यावर सांडतात. एका ताटलीत पसरा, ब्रेडची बटरवाली बाजू त्यावर उलटी ठेवा, तळव्यानं हलकंसं दाबा आणि उचला. हे बघा, कुठं मोकळी जागा राहिली का? नाही. मग तिरपं कापून त्रिकोण करा, तिकडं त्रिकोणच करतात.

दाणे केकचं सामान मिळतं त्या दुकानात मागा, मोहरीएवढे गोल असतात, स्प्रिंकल्स म्हटलं की देतात. पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या चालतील का असं बऱ्याच जणी विचारतात, तर नको, त्या मोठ्या आणि कडक असतात, ब्रेडवर टिकत नाहीत आणि लहान लेकरांना चावता येत नाहीत.

खरं सांगू का, ताटली लेकरांपुढंच ठेवा, बटर तुम्ही लावून द्या आणि दाबायचं काम त्यांना करू द्या. ही माझी लेक बघा, चार वर्षांची आहे, दोन्ही हातांनी दाबायलीये... हळू गं माय, ब्रेड चपटा होईल... हां, आता उचल. दाखव सगळ्यांना.